भिंतीवरची आजी

आमच्या घरात आजीचा म्हणून जो फोटो आहे, तो आजीचा नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी चाळीस वर्षं तो आजीचाच फोटो होता.

आजी १९५८ साली गेली, दुसऱ्या बाळंतपणात. बाळही गेलं. बाबा तेव्हा चार वर्षांचे. तिचा फोटो असणं शक्यच नव्हतं. मिठागरावर खपणारी, पावसाळ्यात खाजणातल्या शेतात लावणीला जाणारी, भरती-ओहोटी बघून खाडीत उतरणारी बाई. तिचा फोटो कोण काढणार आणि कशासाठी? त्या काळात गावात फोटो म्हटला तर देवाचा, नाहीतर मिठागराच्या मालकाच्या पेढीवर टांगलेला त्याच्या वडिलांचा. शिवाय फोटो काढला की आयुष्य घटतं, असं बाया म्हणायच्या. आजीने तर फोटो न काढताच अठ्ठाविसाव्या वर्षी आटोपतं घेतलं.

आमच्याकडे लग्न झालं की नवरा-नवरी घरातल्या थोरांच्या पाया पडतात आणि जे हयात नाहीत त्यांच्या फोटोला नमस्कार करतात. १९७६ च्या मे महिन्यात बाबांचं लग्न ठरलं आणि त्यांनी हट्ट धरला की माझ्या आईच्या पाया पडल्याशिवाय मी बोहल्यावरून उतरून घरात यायचा नाही. आता आई कुठून आणायची? तोवर आमच्या भागात चित्र बरंच पालटलं होतं. १९७० साली सिडको आली, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवं शहर वसवायचं ठरलं, १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. लोकांच्या हातात थोडाफार पैसा खेळायला लागला, आणि पैसा आला की माणसाला पहिली आठवण होते ती घर बांधायची आणि दुसरी भिंतीवर काय लावायचं याची. पनवेलला फोटो स्टुडिओ होतेच.

तोड काढली ती बाबांच्या मामाने. वहाळला दिलेली आजीची धाकटी बहीण हुबेहूब तिच्यासारखी दिसते, असं सगळे म्हणायचे. तिला स्टुडिओत बसवायचं आणि तो फोटो आजीचा म्हणून लावायचा. यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही. घोळ एकच होता. आजी सवाष्ण गेलेली आणि धाकटी आजी विधवा.

फोटोवाल्याने सांगितलं म्हणे, की मागाहून रंगाने कुंकू काढता येईल पण ते कळून येतं, बाईंनी आधीच लावून बसलेलं बरं. १९७६ साली आमच्या गावात विधवेने कपाळाला कुंकू लावायचं म्हणजे काय, हे आज पंचविशीतल्या पोरींना समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. मामा गप्प बसला. बाबा बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मग धाकटी आजी आतून म्हणाली, "आन रं ते. ताईच्यासाठी तं लावायचा हाय."

तो फोटो अजून माझ्यासमोर आहे. मागे कारंजं आणि जिने रंगवलेला पडदा, बाजूला उंच तिवईवर प्लास्टिकची फुलं. नेसलेलं लुगडं तिचंच, नथ स्टुडिओची. (ही नथ बारा गावच्या नाकांत गेलेली असणार. शेजारच्या दोन गावांतल्या भिंतींवर मी ती ओळखली आहे.) कपाळावर मोठं, ठसठशीत कुंकू. मूळ फोटो काळा-पांढरा, पण मोठा करून घेताना कुंकवापुरता तांबडा रंग भरून घेतला. चेहरा हसरा नाही, रडवेलाही नाही. एखादं जड ओझं डोक्यावर नीट बसलंय की नाही, याचा अंदाज घेताना बाई जशी मान स्थिर धरते, तशी तिने धरली आहे.

आजोबा तेव्हा होते. आजीला खरोखर रोज पाहिलेला घरातला तोच एक माणूस. फोटो आणून त्यांच्यापुढे धरला तेव्हा त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "नाक तिचाच हाय. बाकी मना आठवत नाय."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केलेला आहे. अठरा वर्षांत नवऱ्यालाही चेहरा आठवेना. आणि मग फोटो भिंतीवर लागला, दोन-चार वर्षं गेली, तर आजोबा आजीच्या गोष्टी सांगताना भिंतीकडे हात करायला लागले: अशी बसायची, असा पदर घ्यायची. म्हणजे जे आठवत नव्हतं ते आठवायला लागलं. ते कुणाचं आठवत होतं? गावातल्या म्हाताऱ्या बाया आधी सांगायच्या की तुझी आजी बहिणीपेक्षा काळी होती, तिच्या भुवईवर विळ्याची खूण होती, ती बोलताना तोंडावर हात धरायची. फोटो लागल्यावर या गोष्टी कमी होत गेल्या. पुढे पुढे खुणेचं कुणी नावच काढेना, कारण फोटोत खूण नव्हती. दहा तोंडांत दहा आज्या होत्या, त्यांची एक झाली. आणि तीही दुसरीच. फोटोमुळे माणूस लक्षात राहतो असं आपण म्हणतो. आमच्या घरात फोटोने आजीला पुसलं, हेही तितकंच खरं आहे.

धाकट्या आजीचं काय झालं ते वेगळंच. फोटोला चंदनाच्या कातरणाचा हार घातला होता, पितृपक्षात फुलांचा. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण हा फोटो 'तिचा' नव्हताच ना. ती वर्षातून चार-पाचदा आमच्याकडे यायची, होळीला हटकून. माजघरात बसून चहा प्यायची आणि समोर तिचाच चेहरा, हार घातलेला. मी लहान असताना एकदा तिने भिंतीकडे बघत माझ्या आईला म्हटलं होतं, "जित्तेपनीच मना हार घातलाव गं तुमी." आई ओशाळली. धाकटी आजी हसायला लागली. मग उठली, पदराने काच पुसली आणि परत चहा प्यायला बसली.

ती १९९२ साली गेली. निवडणुकीची फोटोची ओळखपत्रं त्यानंतर आली, ती असती तर निदान अंगठ्याएवढा फोटो निघाला असता. दिवसकार्याला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली. लग्नांच्या घोळक्यात कुठे तरी अर्धा खांदा, कुठे पाठ. नीट समोरून काढलेला तिच्या उभ्या आयुष्यातला फोटो एकच, आणि तो आमच्या घरी, आमच्या आजीचा म्हणून.

वहाळचे काका, म्हणजे तिचे थोरले, फोटो मागायला आले. बाबांनी तो देऊन टाकावा, असं आमच्यातल्या काहींना वाटलं: त्यांच्या आईचाच आहे, आपल्या आईचा नाहीच. बाबांना ते पटेना. "सोळा वर्सां मी तिच्या पाया परतो," एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी पनवेलच्याच एका स्टुडिओतून फोटोवरून फोटो काढून घेतला. पण काका म्हणाले, आमची आय विधवा होती, कुंकू लावलेला फोटो आम्ही कसा लावायचा, लोक काय म्हणतील. मग त्या प्रतीवरचं कुंकू पेन्सिल-रंगाने घालवलं, नथही घालवली. तेव्हापासून एकच चेहरा दोन घरांत आहे. आमच्याकडे सवाष्ण आणि वहाळला विधवा. आमच्याकडे थोरली बहीण, तिकडे धाकटी.

यातला खरा कोणता, हा प्रश्न मला लहानपणी गमतीचा वाटायचा. आता वाटत नाही.

आपल्याकडे पितरांची आठवण ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिला चेहऱ्याची गरजच नव्हती. श्राद्धात बाप, आजा, पणजा एवढ्या तीन पिढ्यांची नावं घेतात. त्याच्या वरचे पितरांच्या मेळ्यात मिसळून गेले असं धरायचं. ज्याची तिथी माहीत नाही, त्याच्यासाठी सर्वपित्री अमावस्या. पुष्कळ घरांत देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक असतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेला माणूस, कधी घोड्यावर, कधी जोडप्याने. सोनाराने सगळ्यांना तेच डोळे आणि तेच नाक दिलेलं असतं. पण त्या टाकासमोर हात जोडताना, हा माझा पणजा दिसायला असा नव्हता, अशी तक्रार कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. विसरायलाही त्या रीतीत जागा होती. तीन पिढ्यांनंतर नाव सुटलं तरी ते पाप नव्हतं.

फोटो आला आणि हे बदललं. चेहरा उरतो आणि नाव जातं. आमच्या पत्र्याच्या पेटीत एक फोटो आहे, चार माणसं आणि एक परकरी मुलगी. ती मुलगी कोण, हे सांगणारं आज कुणीही नाही. ती मात्र सरळ माझ्याकडे बघते. नाव असलेली आणि चेहरा नसलेली आजी मला सोपी वाटते. चेहरा असून नाव नसलेल्या या पोरीचं काय करायचं, ते मला कळत नाही. तिचं श्राद्ध घालता येत नाही आणि तिला फेकवतही नाही.

आणि फोटो म्हणजे जसं होतं तसं, ही समजूत तरी कुठे खरी आहे? मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो असलेलं पुस्तक दोन भागांत काढलं, १८६३ आणि १८६६ साली. त्यातल्या पुष्कळ चित्रांत माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, दोन्ही जोडून एक केलेलं. खाली जातीचं नाव. त्या माणसाला आईबापांनी काय नाव ठेवलं होतं, याच्याशी साहेबाला कर्तव्य नव्हतं. आमच्या मामाने आणि पनवेलच्या फोटोवाल्याने केलं ते याच्या नेमकं उलटं. त्यांच्याजवळ नाव होतं, नातं होतं, नमस्कार करायला उभा राहिलेला मुलगा होता. त्यांना चेहरा उसना घ्यावा लागला.

फ्रान्समधल्या रोलाँ बार्थ या लेखकाची आई १९७७ साली वारली. तिचे जुने फोटो चाळताना त्याला ती कशातच सापडेना. शेवटी ती पाच वर्षांची असतानाच्या एका फोटोत त्याला ती भेटली. म्हणजे त्याने स्वतः कधी न पाहिलेल्या वयातली. पुढे त्याने फोटोंवर एक पुस्तक लिहिलं, त्यात बाकीचे पुष्कळ फोटो छापले, हा एक छापला नाही. इतरांना त्यात एक साधी पोरगी दिसेल, मला जी दिसते ती दिसणार नाही, असा त्याचा हिशोब होता. मला हे वाचल्यावर आजोबांचं 'नाक तिचाच हाय' आठवलं. फोटोत माणूस आहे की नाही, हे बघणाऱ्यावर ठरतं. पण बघणारा कसाही बघो, खुर्चीत कोणी तरी बसलेलं असतं, त्या बसणाऱ्या माणसाचं काही देणं लागतं की नाही? आम्ही चाळीस वर्षं आजीच्या फोटोकडे बघितलं आणि खुर्चीत बसलेल्या बाईकडे बघितलंच नाही.

विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे अशी. त्यातलं एक आमचं. उलव्याची टेकडी, सुमारे नव्वद मीटर उंचीची, सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं, खाजणावर भराव पडला. ज्या दिवशी आम्ही घर रिकामं केलं, त्या दिवशी भांडी, पलंग, दारं-खिडक्या हे सगळं भावाने टेम्पोत भरलं. भिंतीवरचे फोटो मात्र बाबांनी स्वतः उतरवले. तीन होते: आजोबा, आजी आणि दि. बा. पाटील. आमच्या भागात बऱ्याच घरांत दि. बां.चा फोटो घरच्या माणसांच्या रांगेत असतो. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला गोळीबारात पाच शेतकरी गेले, तेव्हापासून त्यांना आमच्या घरांत परकं कुणी मानत नाही.

आजीचा फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळताना बाबांनी मला पनवेलच्या त्या दिवसाचं उरलेलं सांगितलं. तोवर कधी सांगितलं नव्हतं. फोटो काढून झाल्यावर मामाने धाकट्या आजीला ओला रुमाल दिला, कुंकू पुस म्हणून. तिने रुमालाने तोंड पुसलं, मान पुसली, कपाळाला हात लावला नाही. पदर पुढे ओढून घेतला आणि एस. टी.त बसली. गव्हाण फाट्याला उतरल्यावर तिघं चालत निघाले. मामा पुढे, मग बाबा, मागे ती. रात्री आमच्याकडेच राहायची होती. गावच्या वेशीवर तळं होतं, तिथे ती थांबली. बाबांना म्हणाली, तू हो पुढं. बाबा दहा पावलं जाऊन वळून बघतात, तर ती पाण्याच्या काठाला बसलेली, पदर मागे सारलेला, आणि नुसती पाण्यात बघते आहे. बराच वेळ. मग तिने ओंजळ भरून कपाळ धुतलं.

"कुनाला बोललो नाय," बाबा म्हणाले. "तिची गोष्ट होती ती."

बाबा २०२१ ला गेले. आता आमचा फ्लॅट आहे, सातव्या मजल्यावर. हॉलमध्ये मेलेल्या माणसांचे फोटो नकोत असं इंटिरियरवाल्याचं मत पडलं, तेव्हा ते आतल्या पॅसेजमध्ये लागले. माझ्या मुलीने मध्यंतरी फोनवरच्या कुठल्याशा अ‍ॅपमध्ये आजीचा फोटो घातला. आजीने डोळे मिचकावले, मान किंचित वळवली आणि ती हसली. पोरीला आनंद झाला, तिला माझ्या आईला दाखवायची घाई. माझी आई धाकट्या आजीला सोळा वर्षं ओळखत होती. तिने बघितलं आणि म्हणाली, "हे कोन?" आणि फोन परत दिला.

पोरीने मला विचारलं की पनवेलच्या स्टुडिओत जे केलं ते चालतं आणि हे का चालत नाही, दोन्ही खोटंच ना. प्रश्न सरळ होता, आणि तो टाळावा असं मला वाटलं नाही. दोन्ही खोटंच आहे. फरक मला दिसतो तो इतकाच, की पनवेलला कोणाला तरी त्या खुर्चीत बसावं लागलं. सात वर्षं मोकळं ठेवलेलं कपाळ पुढे करावं लागलं, स्वतःच्या तोंडावर दुसरीचं नाव लावून घ्यावं लागलं, आणि पुढे सोळा वर्षं त्या हाराखाली बसून चहा प्यावा लागला. तो फोटो आजीचा म्हणून खोटा असेल. एका बहिणीने दुसरीसाठी केलेल्या कामाचा फोटो म्हणून त्यात काडीचं खोटं नाही. अ‍ॅपमधल्या हसण्यासाठी कुणाच्या पदराला काही लागलं नाही. पोरीला हे पटलं असं नाही. ती म्हणाली, मग तो फोटो धाकट्या पणजीचा आहे असं सरळ म्हणा ना.

तिचं म्हणणं मी घेतलं. फोटो खाली उतरवून मागच्या पुठ्ठ्यावर दोघींची नावं लिहिली, कोण बसली आणि कोणासाठी बसली, साल, स्टुडिओचं गाव. जागा उरली होती म्हणून भुवईवरच्या विळ्याच्या खुणेचंही लिहिलं. ती खूण उजव्या भुवईवर की डाव्या, हे सांगणारं आता कोणी नाही, म्हणून नुसतं 'भुवईवर' असं.

मागच्या पितृपक्षाच्या आधी वहाळहून पुतणीचा फोन आला. त्यांच्याकडचा फोटो ओल धरून खराब झाला होता, मूळ तुमच्याकडे आहे तर पाठवा, म्हणाली. मी कुंकवाचाच पाठवला. तासाभराने तिच्या वडिलांचा, म्हणजे वहाळच्या काकांच्या मुलाचा, फोन.

"दादा, कुंकवाचा कनाला पाठवलास? आजी विधवा होती, तुला ठावं नाय?"

मी त्याला बाबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. रुमाल, एस. टी., फाट्यापासूनची चाल. बाबांनी जपलेली तिची गोष्ट मी फोडली, हे खरं. पण ती तिच्या नातवाजवळ फोडली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग त्याने विचारलं, "आनि पुसलान कुठं म्हनालास?"

"वेशीवरच्या तल्यावर."

"ता तला तं भरावात गेला ना रं."

"गेला."

"बरा," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे मग तोच."